जावास्क्रिप्टमधून थेट ऑपरेटिंग सिस्टिमची फंक्शनं कॉल करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंगचा काटा, कृषी केंद्राचं बिल, बाजार समितीतली आवक पावती, सेवा केंद्राचा काउंटर अशा ठिकाणी चालणारे छोटे प्रोग्राम आपल्याकडची बरीच पोरं आता जावास्क्रिप्टमध्येच लिहितात. वेबसाइट करता करता शिकलेली भाषा, तीच पुढे कामाला येते. अडचण येते ती प्रोग्रामला विंडोजकडून थेट काही हवं असतं तेव्हा. त्यासाठीची सोय म्हणजे एफएफआय (फॉरेन फंक्शन इंटरफेस) : एका भाषेतून दुसऱ्या भाषेत लिहिलेली फंक्शनं कॉल करणं. त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे.

फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत आहेत तशीच लिहायची.

हे एफएफआय म्हणजे नेमकं करते काय?

जावास्क्रिप्टच्या इंजिनाला आकडे, मजकूर, ऑब्जेक्ट एवढंच कळतं. प्रिंटर, बॅटरी, स्क्रीन, यूएसबी ही सगळी खाती ऑपरेटिंग सिस्टिमची. तिची फंक्शनं डीएलएल फाइलींमध्ये असतात : कर्नल३२, युझर३२, विनस्पूल वगैरे. एफएफआय लायब्ररी ती फाइल मेमरीत आणते, नावावरून फंक्शनचा पत्ता शोधते, तुम्ही दिलेली मूल्यं प्रोसेसरला हवी तिथे मांडते, त्या पत्त्यावर उडी मारते आणि आलेलं उत्तर जावास्क्रिप्टच्या रूपात परत देते. लिनक्सवर हेच काम डीएलओपन आणि डीएलसिम यांच्या मदतीने होतं.

गोम एकच आहे. डीएलएलमध्ये फंक्शनचं नाव असतं, पत्ता असतो. पण ते किती आर्ग्युमेंट घेतं आणि कोणत्या प्रकारची, याची नोंद नसते. ते तुम्ही सांगायचं, आणि तुम्ही सांगाल ते खरं धरून लायब्ररी पुढे जाते. काट्यावर टेअर चुकला तरी काटा कुरकुर करत नाही, आकडा देतोच, फक्त तो आकडा खोटा असतो, तसंच हे. चार बाइटच्या जागी आठ बाइट सांगितले तर कधी कचरा उत्तर येईल, कधी प्रोग्राम बंद पडेल, आणि कधी सहा महिने सगळं बरोबर चालून ऐन सीझनमध्ये बोंबलेल. खालचे निम्मे प्रश्न याच एका गोष्टीतून निघालेले आहेत.

भाऊ, मले याची गरज आहे का?

बहुतेक वेळा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

लाईन गेल्यावर पावतीची नोंद डिस्कवर पक्की राहावी म्हणून फ्लशफाइलबफर्स हे विंडोजचं फंक्शन कसं कॉल करायचं, असं विचारलं जातं. नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम; त्याच्या एफएस मॉड्यूलमधलं एफसिंक विंडोजवर आतून तेच फंक्शन कॉल करतं. कॉम्प्युटर बंद करायचा असेल तर एक्झिटविंडोजईएक्सच्या नादी लागायचं कारण नाही. त्यासाठी आधी प्रोसेसला शटडाउनचा हक्क मिळवून द्यावा लागतो, आणि ती तीन-चार फंक्शनांची कसरत आहे. शटडाउन ही कमांड चाइल्ड प्रोसेसमधून चालवा, एका ओळीत काम. मोकळी मेमरी, मशीन किती वेळ चालू आहे, नेटवर्कचा पत्ता हे सगळं ओएस मॉड्यूलमध्ये आहे. काट्याच्या इंडिकेटरवरून वजन वाचायचं तर सिरियलपोर्ट नावाचं पॅकेज आहे, आणि ते वर्षानुवर्षं वापरात आहे.

पॉवरशेलमधून उत्तर काढणं हाही मार्ग आहे. दिवसातून दोनदा विचारायचं असेल तर खुशाल वापरा. दर पाच सेकंदांनी विचारायचं असेल तर प्रत्येक वेळी नवीन पॉवरशेल उभा राहतो आणि जुना ड्युअल कोर त्यातच दमतो. तिथे एफएफआय शोभतं.

हे ब्राउझरमधूनच करता येईन का? क्रोम तर सगळ्यांकडे असते.

नाही. वेबपेजला डीएलएलपर्यंत पोचता येत नाही, आणि येऊ नये म्हणूनच ब्राउझरचा सँडबॉक्स आहे. कोणत्याही साइटला तुमच्या मशीनवरची फंक्शनं कॉल करता आली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

तरी तीन वाटा आहेत. क्रोममध्ये वेब सिरियल आणि वेब यूएसबी आहेत. वापरणाऱ्याने परवानगी दिली की पान थेट पोर्टशी बोलतं. दुसरी वाट नेटिव्ह मेसेजिंगची : क्रोमचं एक्स्टेंशन तुमच्या मशीनवरचा एक छोटा प्रोग्राम सुरू करतं आणि त्याच्याशी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून जेसॉनमध्ये बोलतं. प्रत्येक संदेशाच्या आधी चार बाइटमध्ये लांबी लिहावी लागते, आणि प्रोग्रामकडून क्रोमकडे जाणारा एक संदेश १ एमबीपेक्षा मोठा चालत नाही. तिसरी वाट म्हणजे त्याच मशीनवर लोकलहोस्टवर एक छोटी सर्व्हिस चालवायची आणि पानाने तिच्याशी बोलायचं.

सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन कंपनीच्या डीएलएलमधून वाचता येईल का?

आधारसाठी नाही, आणि प्रयत्नही करू नका. आधारच्या नोंदणीकृत उपकरणासोबत आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस येते. ती लोकलहोस्टवर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांपैकी एकावर ऐकत बसते. तुमचं पान एकेक पोर्ट तपासून ती शोधतं आणि कॅप्चरची विनंती पाठवतं. उत्तरात येतो तो आधीच एन्क्रिप्ट झालेला मजकूर. कच्चा ठसा तुमच्या हाती येत नाही, येऊही नये. वर सांगितलेल्या तिसऱ्या वाटेचं हे चालतं-बोलतं उदाहरण तालुक्याच्या कोणत्याही सेवा केंद्रात दिसेल.

हजेरीची मशीनं वेगळी. त्यांची डीएलएल कंपनी देते, आणि तिथे या पानावरचं सगळं लागू पडतं.

कोणती लायब्ररी घ्यावी?

नोड किंवा इलेक्ट्रॉन (जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप प्रोग्राम बांधायची सोय) असेल तर कॉफी. नाव पेयासारखं वाटतं, पण स्पेलिंग के ने सुरू होतं आणि शेवटी एकच आय आहे. शोधताना ते लक्षात ठेवा, नाहीतर भलतंच पॅकेज हाती लागेल. सीमधली घोषणा जशीच्या तशी मजकूर म्हणून दिली तरी ती समजते, स्ट्रक्ट (ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या मूल्यांचा गठ्ठा) मांडता येतात, आणि तयार बायनरी सोबत येते म्हणून मशीनवर कंपायलर लागत नाही.

डेनो आणि बन हे नोडसारखेच दुसरे प्रोग्राम. डेनोमध्ये सोय आतच आहे, डेनो डॉट डीएलओपन या नावाने. चालवताना अलाव-एफएफआय ही परवानगी द्यावी लागते. बनमध्येही बन कोलन एफएफआय नावाचं स्वतःचं मॉड्यूल आहे. नवीन काम असेल आणि मशीन नवीन असेल तर डेनो वाईट नाही. पण आपल्याकडची मशीनं आणि त्यांवर आधीच चालू असलेले प्रोग्राम पाहता माझा कौल नोड आणि कॉफीलाच.

नोड-एफएफआय टाकतो तर सगळी लाल अक्षरंच येतात. काहून?

कारण ते पॅकेज जुन्या नोडसाठी लिहिलेलं आहे. जुने व्हिडिओ आणि लेख त्याचंच नाव घेतात, सोबत रेफ आणि रेफ-स्ट्रक्ट या दोघांचंही. ते इन्स्टॉल होताना मशीनवर सी++ कंपाइल करावं लागतं, त्यासाठी पायथन आणि व्हिज्युअल स्टुडिओची बिल्ड टूल्स हवीत, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कित्येक जीबी उतरवायचे. एवढं करूनही नव्या नोडवर ते कंपाइल होत नाही, कारण त्याला हवे असलेले व्ही८ चे (नोडमधल्या जावास्क्रिप्ट इंजिनाचे) आतले भाग बदलून गेले. याच कटकटीवर उपाय म्हणून नोड-एपीआय आलं : २०१७ मध्ये नोड ८ सोबत प्रायोगिक रूपात, मग नोड १० मध्ये पक्कं. त्यावर बांधलेली बायनरी नोडची आवृत्ती बदलली तरी चालत राहते. कॉफी त्याच्यावरच उभी आहे. जुना लेख दिसला की तारीख पाहून सोडून द्या.

लाईन गेली हे प्रोग्रामला कसं कळवायचं? सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक उदाहरण द्या.

सुरुवात करायला याहून चांगलं उदाहरण नाही. फंक्शनचं नाव गेटसिस्टिमपॉवरस्टेटस, फाइल कर्नल३२. ते एकच आर्ग्युमेंट घेतं : एका स्ट्रक्टचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. उत्तर म्हणून बूल देतं.

इथेच पहिली खोच. विंडोजचा कॅपिटल अक्षरांतला बूल हा चार बाइटचा पूर्णांक असतो, सी++ मधला एक बाइटचा बूल नव्हे. म्हणून घोषणेत उत्तराचा प्रकार इंट लिहा.

स्ट्रक्टमध्ये आधी एकेका बाइटची चार घरं आणि मग चार-चार बाइटची दोन, एकूण १२ बाइट. स्ट्रक्ट मांडायचा कंटाळा असेल तर १२ बाइटचा बफर (मेमरीतला सलग तुकडा) घ्या, तोच पॉइंटर म्हणून द्या आणि कॉल झाल्यावर बाइट वाचा. फंक्शनने शून्य परत केलं तर कॉल फसला, बफर वाचूच नका.

शून्य क्रमांकाचा बाइट म्हणजे लाईन : ० आलं तर लाईन गेली, १ आलं तर आहे, २५५ आलं तर विंडोजलाच माहीत नाही. पुढचा बाइट बॅटरीच्या अवस्थेचा. त्यात १२८ आलं तर बॅटरीच नाही. त्यापुढचा टक्क्यांचा, ० ते १००, आणि माहीत नसेल तर २५५. काही प्रोग्रामांत "बॅटरी २५५ टक्के" असं ठळक अक्षरांत दिसतं, ते यामुळे. ४ क्रमांकाच्या बाइटपासून चार बाइट म्हणजे उरलेले सेकंद, लिटल एंडियन क्रमात वाचायचे. ४,२९,४९,६७,२९५ असा अवाढव्य आकडा आला तर अर्थ "माहीत नाही" असाच.

लॅपटॉपवर हे लगेच चालतं. डेस्कटॉपवर मात्र यूपीएस यूएसबी केबलने मशीनला जोडलेला असावा लागतो आणि विंडोजने त्याला बॅटरी म्हणून ओळखलेलं असावं लागतं. स्वस्त यूपीएसला ती खाचच नसते. मग कितीही उत्तम कोड लिहा, लाईन गेल्याचं विंडोजला कळणारच नाही. यूपीएस घेताना मागची बाजू पाहून घ्या, हा सल्ला या पानावरच्या कोणत्याही कोडपेक्षा मोलाचा आहे.

दर दहा सेकंदांनी हा कॉल केला तरी मशीनवर भार जाणवत नाही. लाईन गेल्याचं दिसलं की नव्या गाडीची नोंद घेणं थांबवायचं, चालू पावती पूर्ण करून एफसिंक करायचं आणि टक्के फार खाली आले की शटडाउन. मे महिन्यात वणी-चंद्रपूरकडे दुपारी यूपीएसच्या बॅटरीचा भरवसा तसाही कमीच. उन्हाने ती लवकर मरते. तेव्हा "उरलेले सेकंद" या आकड्यावर विसंबू नका, लाईनच्या बाइटवर निर्णय घ्या.

स्ट्रक्टची घरं हाताने मोजली, तरी आकडे सरकलेले येतात.

मधल्या रिकाम्या जागा मोजल्या नसतील. एक बाइटच्या घरानंतर चार बाइटचं घर आलं तर कंपायलर मध्ये तीन बाइट सोडतो, म्हणजे मोठं घर चारच्या पटीतल्या जागेवर बसतं. वरच्या उदाहरणात एकेक बाइटची चार घरं लागोपाठ आहेत म्हणून तिथे फट पडत नाही. कॉफीच्या स्ट्रक्ट सोयीने घरं मांडली तर हा हिशेब ती करते. दोनपेक्षा जास्त प्रकारांची घरं असतील तर हाताने मोजू नका.

लाँग या प्रकारापासूनही जपून. ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा. आणि ६४ बिट पूर्णांक जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढे अचूक राहत नाहीत. तिथे बिगइंट वापरा.

काटा चालू असताना स्क्रीन झोपते. ते कसं थांबवायचं?

सेटथ्रेडएक्झिक्यूशनस्टेट, तेही कर्नल३२ मध्येच. तीन खुणा लागतात : "चालू ठेव" ही २,१४,७४,८३,६४८, "मशीन जागं ठेव" ही १, आणि "स्क्रीन जागी ठेव" ही २. जावास्क्रिप्टमध्ये या उभ्या रेघेने जोडल्या की उत्तर ऋण येतं, कारण तिथले बिटवाइज हिशेब चिन्हासह ३२ बिटमध्ये होतात. सरळ बेरीज करा, किंवा शेवटी तीन बाण आणि शून्य लावून आकडा धन करून घ्या. आर्ग्युमेंटचा प्रकार बिनचिन्हाचा ३२ बिट पूर्णांक.

आणि हा कॉल असिंक, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर मागे चालणारा, करू नका. नावातच थ्रेड आहे : खूण ज्या थ्रेडवर लागली त्याच्यापुरती राहते. असिंक केला तर ती कोणत्या तरी कामगार थ्रेडवर लागेल आणि तो थ्रेड संपला की खूणही जाईल.

मराठी नाव दिलं की प्रश्नचिन्हं येतात.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

मजकूर घेणारी विंडोजची बहुतेक फंक्शनं जोडीने येतात : एकाच्या शेवटी ए, दुसऱ्याच्या शेवटी डब्ल्यू. ए वाली फंक्शनं मशीनच्या जुन्या कोड पेजमध्ये मजकूर घेतात. रशियन, ग्रीक, अरबी यांना विंडोजमध्ये असं कोड पेज मिळालं होतं. देवनागरीला ते कधी मिळालंच नाही, ती पहिल्यापासून युनिकोडमध्येच आहे. म्हणून नेटवरची ए वाली उदाहरणं इंग्रजीत झकास चालतात आणि आपल्याकडे माती खातात. नियम सोपा : नेहमी डब्ल्यू घ्या आणि कॉफीत मजकुराचा प्रकार स्ट्र१६ लिहा.

काय बिघडलं ते पडद्यावरूनच ओळखता येतं. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर कुठेतरी कोड पेजमध्ये बदलला गेला आणि मूळ अक्षरं कायमची गेली. प्रत्येक अक्षराच्या आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए दिसत असेल तर यूटीएफ-८ चे बाइट ए वाल्या फंक्शनला मिळाले आहेत. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ज्या बाइटने सुरू होतं, तो त्या कोड पेजमध्ये असा दिसतो. इथे मजकूर शाबूत आहे, फक्त वाट चुकली आहे. आणि रिकामे चौकोन दिसत असतील तर तुमचा कोड बरोबर आहे, फाँट नाही.

लांबीही जपा. "वर्धा" हा शब्द जावास्क्रिप्टच्या हिशेबात ५ : व, र, हलन्त, ध, काना. यूटीएफ-१६ मध्ये त्याचे १० बाइट आणि शेवटच्या शून्याचे २, एकूण १२. यूटीएफ-८ मध्ये १५ आणि १, एकूण १६. विंडोजची काही फंक्शनं लांबी अक्षरांत मागतात, काही बाइटमध्ये. खिडकीचं शीर्षक देणारं गेटविंडोटेक्स्टडब्ल्यू अक्षरांत मोजतं; प्रिंटरला मजकूर देणारं राइटप्रिंटर बाइटमध्ये. अक्षरांच्या जागी बाइट सांगितले तर फंक्शन तुमच्या बफरच्या पलीकडे लिहीत जातं.

कंपनीची डीएलएल फाइलचा पाथ साध्या कॅर पॉइंटरमध्ये घेत असेल तर तिथे डब्ल्यूचा पर्यायच नसतो. विंडोजच्या युझरचं नाव देवनागरीत ठेवलेलं असेल तर तो पाथ तिला उघडताच येत नाही. सी ड्राइव्हवर रोमन नावाचं फोल्डर करून फाइली तिथे ठेवा.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर मुळात रोमन खुणाच असतो, फाँट बदलला की त्याचं सोंग उघडं पडतं. तो आधी युनिकोडमध्ये बदला. एफएफआयचा तिथे संबंध नाही.

पावती थेट प्रिंटरला पाठवायची आहे, ड्रायव्हर न घालता.

ड्रायव्हर लागतोच, फक्त त्याने मजकुरात ढवळाढवळ करायची नाही. क्रम असा : ओपनप्रिंटर, स्टार्टडॉकप्रिंटर, स्टार्टपेजप्रिंटर, राइटप्रिंटर, मग एंडपेज, एंडडॉक आणि क्लोज. सगळी विनस्पूलमध्ये, आणि त्या फाइलचं एक्स्टेंशन डीएलएल नसून डीआरव्ही आहे. स्टार्टडॉकला जो स्ट्रक्ट द्यायचा त्यात तीन मजकूर : कामाचं नाव, आउटपुट फाइल जी नल ठेवायची, आणि प्रकार, जिथे "रॉ" लिहायचं. प्रिंटरचं नाव चुकलं तर १८०१ हा एरर नंबर येतो.

इंग्रजी पावती एवढ्यावर निघते. मराठीसाठी पुरत नाही, कारण बहुतेक थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी नसते, आणि असली तरी जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. उपाय चित्राचा : इलेक्ट्रॉनच्या कॅनव्हासवर मजकूर काढा, तिथे जोडाक्षरं नीट जुळतात, मग प्रत्येक ठिपका काळा-पांढरा ठरवून आठ-आठ ठिपके एका बाइटमध्ये भरा आणि इएससी-पीओएस या प्रिंटरच्या आदेशभाषेतल्या रास्टर (चित्राच्या) आदेशाने पाठवा. ५८ मिलिमीटरच्या रोलवर आडवे ३८४ ठिपके बसतात, म्हणजे ओळीला ४८ बाइट. ८० च्या रोलवर साधारण ५७६.

काट्यावरच्या डॉट मॅट्रिक्सवर चित्र छापायला वेळ लागतो आणि कापसाच्या गाड्यांची रांग लागली की ते परवडत नाही. तिथे आकडे रॉमध्ये आणि फक्त शेतकऱ्याचं नाव-गाव चित्रात, ही तडजोड बरी. नाव मराठीत असू द्या. पावती ज्याची त्याला ती वाचता आली पाहिजे.

ट्राय-कॅच लावला, तरी प्रोग्राम गप्पकन बंद होते.

ट्राय-कॅच जावास्क्रिप्टच्या चुका पकडतो. सीच्या बाजूने नको त्या मेमरीला हात लागला तर ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण प्रोसेसच मारते, कॅचपर्यंत काही पोचत नाही. विंडोजवर नोडचा एक्झिट कोड ३२२१२२५४७७ दिसला तर समजा हेच झालं. मग घोषणा एकेक आर्ग्युमेंट धरून तपासा : पॉइंटर आहे की मूल्य, चार बाइट की आठ, ३२ बिट विंडोज असेल तर एसटीडीकॉल ही कॉल करायची पद्धत लिहिली आहे का. ६४ बिटमध्ये हा शेवटचा प्रश्न उरत नाही, तिथे कॉल करायची पद्धत एकच.

कंपनीची डीएलएल बेभरवशाची असेल तर ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. ती मेली तरी काउंटरचा प्रोग्राम जिवंत राहतो आणि तिला पुन्हा उठवतो.

गेटलास्टएरर भलताच नंबर देते.

हे फंक्शन शेवटच्या एररचा नंबर देतं. मधल्या वेळात दुसऱ्या कुठल्या तरी कॉलने तो बदलला. फंक्शन फसल्यावर लगेच विचारा, मध्ये कन्सोल लॉगसुद्धा नको. असिंक कॉलनंतर तर विचारूच नका. तो नंबर थ्रेडगणिक वेगळा असतो.

डीएलएल फाइल समोर दिसते, तरी "सापडली नाही" म्हणते.

एरर नंबर १२६ असेल तर ती फाइल सापडली असेलही, पण तिला लागणारी दुसरी डीएलएल सापडत नाही. बहुतेक वेळा व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल टाकलेलं नसतं. नंबर १९३ असेल तर बिट जुळत नाहीत : ३२ बिट डीएलएल ६४ बिट नोडमध्ये लोड होत नाही, उलटही नाही.

जुन्या काट्यांच्या आणि हजेरी मशीनच्या डीएलएल बऱ्याचदा ३२ बिटच असतात आणि कंपनी नवीन देत नाही. तेव्हा ३२ बिट नोडचा एक छोटा प्रोग्राम करा, त्याने फक्त डीएलएल सांभाळायची आणि मुख्य प्रोग्रामशी जेसॉनच्या ओळींतून बोलायचं. नोडने २३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट विंडोज सोडलं, तेव्हा त्या छोट्या प्रोग्रामसाठी २२ वर थांबा. आणि मशीनवर विंडोज ७ असेल तर नोड १४ पासून पुढचं काहीच अधिकृतपणे चालत नाही. तिथे मशीन बदलण्याचा विषय मालकाकडे काढा.

गंमत म्हणजे ६४ बिट विंडोजवर सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिट फाइली असतात आणि ३२ बिटवाल्या सिसवाव६४ मध्ये. नावावर जाऊ नका.

कॉल केला की पूर्ण स्क्रीन गोठते.

साधा एफएफआय कॉल संपेपर्यंत जावास्क्रिप्टचा एकुलता एक थ्रेड अडकून राहतो. प्रिंटर बंद असताना किंवा मशीनच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या फंक्शनला पाच सेकंद लागले तर पाच सेकंद बटणंही दबत नाहीत. कॉफीत फंक्शनच्या नावापुढे असिंक लावून कॉलबॅक (काम झाल्यावर बोलवायचं फंक्शन) द्या. डेनोत घोषणेतच नॉनब्लॉकिंग लिहा. फक्त त्याच डीएलएलला एका वेळी दोन थ्रेडांवरून बोलावू नका. कंपनीने "चालतं" असं लिहून दिलेलं नसेल तर ते चालत नाही असंच धरा, आणि कॉल एकामागे एक रांगेत लावा.

कॉलबॅक दिला, थोडा वेळ चालला, मग बंद.

गार्बेज कलेक्टरने, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेने, उचलला. नोंदणी करणारं फंक्शन परतल्यावरही सीची बाजू तो कॉलबॅक वापरणार असेल तर कॉफीत तो रजिस्टर करून ठेवावा लागतो आणि काम झालं की अनरजिस्टर. बफरचंही तसंच : डीएलएलने पॉइंटर स्वतःजवळ ठेवला असेल तर तो बफर एखाद्या वर जिवंत राहणाऱ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

इलेक्ट्रॉनमध्ये वेगळं काय?

डीएलएलचे कॉल मुख्य प्रोसेसमध्येच ठेवा. पानाकडे प्रीलोडमधून मोजकी फंक्शनं द्या : "पावती छाप", "लाईन आहे का", बस. फंक्शनचं किंवा डीएलएलचं नाव पानाकडून मजकूर म्हणून घेऊ नका; एखादी बाहेरची स्क्रिप्ट पानात शिरली तर पूर्ण मशीन तिच्या हाती जाईल. कॉन्टेक्स्ट आयसोलेशन १२ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं, कोणाच्या सांगण्यावरून ते बंद करू नका.

पॅकिंग करताना डीएलएल असार फाइलच्या (इलेक्ट्रॉनचा कोड जिच्यात एकत्र बांधला जातो तिच्या) आत राहिली तर विंडोजला ती लोड करता येत नाही, तिला अनपॅकच्या यादीत टाका. "माझ्या मशीनवर चालतं, काट्यावर चालत नाही" याचं कारण बरेचदा एवढंच असतं. शिवाय २१ व्या आवृत्तीपासून इलेक्ट्रॉनमध्ये बाहेरची मेमरी थेट अॅरेबफर म्हणून दाखवता येत नाही. डेटा कॉपी करून घ्यावा लागतो.

जिनिंगवर नेट नाही. पेनड्राइव्हने नेता येईल का?

येईल. घरी इन्स्टॉल करून नोड मॉड्यूल्सचं फोल्डर पूर्ण उचला, झिप करून न्या. सुटी फोल्डरं पेनड्राइव्हवर कॉपी व्हायला संध्याकाळ होते. दोन्हीकडे विंडोज आणि बिट सारखे हवेत. डीएलएल लोड करताना पूर्ण पाथ द्या, नुसतं नाव दिलं तर विंडोज भलत्याच फोल्डरातली त्या नावाची फाइल उचलू शकतं. आणि तो पेनड्राइव्ह सायबर कॅफेत लावलेला नसावा.

लिनक्सवर किंवा मोबाइलच्या टर्मक्समध्ये हेच चालेल?

लिनक्सवर पद्धत तीच, फाइलींची नावं वेगळी : सीची मूळ लायब्ररी म्हणजे लिबसी डॉट एसओ डॉट ६, एररचा नंबर एर्नोमध्ये येतो, मजकूर सरळ यूटीएफ-८ मध्ये, म्हणून मराठीचा त्रास जवळपास नाही. लाईनसाठी तर एफएफआयच नको : सिस फोल्डरातल्या क्लास, त्यातल्या पॉवर सप्लायखाली अॅडॉप्टरची ऑनलाइन नावाची फाइल असते, ती वाचली की ० किंवा १ मिळतो.

टर्मक्स या अँड्रॉइडवरच्या टर्मिनल अॅपमध्ये नोड चालतो, पण अँड्रॉइडची सी लायब्ररी वेगळी आहे, बायोनिक नावाची. नेहमीच्या लिनक्ससाठी बांधलेली तयार बायनरी तिथे लोड होत नाही. फोनवर बॅटरीच वाचायची असेल तर टर्मक्स एपीआयची बॅटरी-स्टेटस कमांड चालवा, ती जेसॉनमध्ये उत्तर देते.